लवूचं गाऱ्हाणं

एका पौंडात दोनशे दहा काजूगर भरले तर ती दोनशे दहाची प्रत. तीनशे वीस भरले तर तीनशे विसाची.

१ मे १९८१ रोजी जिल्हा बदलला. घरं होती तिथेच राहिली.

विहिरीचा कठडा गुडघ्याच्या वर चार बोटं.

शर्टाच्या मानेमागची चिठ्ठी कापून टाकावी लागते. नाहीतर सबंध दिवस मान आपली राहत नाही.

पट्ट्याचा सांधा चाकावरून गेला की टक्. मिनिटाला ब्याण्णव.

गाऱ्हाण्यात 'नाय' म्हणत नाहीत.

*

हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात होतं आणि १९८६ च्या एप्रिलमध्ये ते तिथे मावेनासं झालं.

त्याचं नाव लवू. वय छत्तीस. वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्यात प्रतवारीच्या टेबलावर बसायचा. सोललेल्या गरांच्या ढिगात हात घालायचा आणि न मोजता, नुसत्या बोटांनी, दोनशे दहा इकडे, दोनशे चाळीस तिकडे. चौदा वर्षांत त्याचा डबा परत आलेला नव्हता. टेबलावरच्या बायका त्याला 'तीनशेवीस' म्हणायच्या.

"ए तीनशेवीस, माझ्या धाकट्या चेडवाचो ग्रेड काय रे?"

लवू हात थांबवायचा. त्या पोरीचा विचार करायचा.

"चेडवांक ग्रेड नसता."

बायका पोट धरून हसायच्या. त्याला ते हसणं चाले. ते रोज त्याच वेळेला, चहाच्या आधी व्हायचं.

*

घर वेंगुर्ल्यापासून एसटीने पाऊण तासावर, खाडीच्या तोंडाशी. घरात तिघं. थोरली बहीण जानकी, नवरा वारल्यावर माहेरी आलेली. मधला सत्यवान, प्राथमिक शाळेत मास्तर. धाकटा लवू. आईवडील गेलेले.

घरामागे यांचीच जमीन होती. त्यात एक चिंच होती. यांत्रिक होड्या वाढल्या तसा बर्फ लागू लागला आणि सत्यवानने ती जमीन बर्फाच्या कारखान्याला भाड्याने दिली. चिंच तोडली. दिवाळीनंतर मशीन सुरू झालं. ते दिवसा चाले. लवू दिवसा कामावर असे.

शिमगा झाला आणि दुसरं मशीन आलं. ते रात्रंदिवस.

टक्.

*

पहिल्या आठवड्यात तो कानात कापूस घालून झोपला. मग कापसावर फडकं. मग माजघरात, मग देवघरात, मग पडवीत. मशीन सगळ्या खोल्यांत सारखंच होतं, कारण ते जमिनीतून यायचं. उशीवर कान ठेवला की उशीतून यायचं.

दुसऱ्या आठवड्यात त्याचं बोलणं कमी झालं. म्हणजे आधीही फार नव्हतं. पण आता जानकीने "पेज वाढू?" विचारलं की त्याचं तोंड उघडायचं आणि तसंच राहायचं.

तिसऱ्या आठवड्यात त्याने दोनशे चाळीसच्या डब्यात तीनशे वीस घातले. मालक भला माणूस. तो म्हणाला, "लवू, चार दिवस घराक जा. बरो झालंस की ये."

घर म्हणजे जिथे मशीन होतं तिथे.

त्या दिवशी दुपारी त्याने डोकं भिंतीवर आपटलं. सावकाश, एका लयीत, कुणी खिळा ठोकतं तसं. जानकी धावत आली. तिने मध्ये आपला तळहात घातला. तो थांबला नाही. तिची बोटं सुजली.

"अरे कित्याक रे असा करतंस? कित्याक?"

तोंड उघडलं. तसंच राहिलं.

*

सरकारी दवाखाना. मंगळवार, १५ एप्रिल. बाकावर बावीस माणसं. डॉक्टर तरुण, घाईत, वाईट नाही. समोर लवू, मागे जानकी.

१. झोप लागते का? — . . . . . . . .

२. भूक? — . . . . . . . .

३. नेमका काय त्रास होतो? — . . . . . . . .

४. केव्हापासून? — . . . . . . . .

५. डोकं का आपटता? — . . . . . . . .

६. जिवाचं काही वेडंवाकडं मनात येतं का? — "नाय हो डॉक्टर, तसा काय नाय," जानकी म्हणाली.

एवढ्याला मिळून चार मिनिटं लागली असतील. डॉक्टरांनी ताकदीचं इंजेक्शन दिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

लवूची उत्तरं बुधवारी संध्याकाळी आली. सगळी नाही. उरलेली गुरुवारी. कारखान्यातल्या प्रतवारीच्या चिठ्ठीच्या पाठीवर त्याने ती आकडे घालून लिहिली, शाळेत शिकवलेल्या मराठीत, कारण लिहायचं ते तसंच लिहायचं असतं. शुक्रवारी तो एकटा दवाखान्यात गेला. आजवर तो कुठेही आपण होऊन गेला नव्हता, कामावर सोडून. दार बंद होतं. बाहेर कंपाउंडर विडी ओढत उभा.

"डॉक्टर शिबिरात. ऑपरेशनांचा शिबिर आसा. सोमवारी ये."

लवूने कागद पुढे केला.

"माझ्याकडे नको रे बाबा. माका काय कळता त्यातला? सोमवारी, सोमवारी."

लवूने कागद खिशात ठेवला. शुक्रवार ते सोमवार तीन दिवस. त्याला घरी जाऊन मशीनशेजारी तीन दिवस बसावं लागणार होतं.

*

दुपारी तीन वाजता तो विहिरीच्या कठड्यावर बसायचा. पाय आत.

हे जानकीला माहीत नव्हतं. ती तेव्हा झोपलेली असे. तिला मशीनचा त्रास होत नव्हता. आठ दिवसांत सवय झाली, असं ती सांगायची.

*

सत्यवानला मात्र कळलं होतं काय झालंय ते. म्हणजे त्याला तसं वाटत होतं.

"चाळो लागलो तेका," तो जानकीला म्हणाला. "चिंचेचो. झाड तोडताना आमी नारळ ठेवूक नाय, काय नाय. थंयसरचो जागेवालो खवळलो. दुसरा काय?"

"आणि मशीन?"

"मशीनान काय होता गो? तुका झाला काय? माका झाला?"

सत्यवान शाळेत मुलांना विज्ञान शिकवायचा. पण मशीन म्हटलं की पुढचा प्रश्न जमीन कुणी दिली, हा होता. चाळा, म्हणजे जागेच्या भुताची बाधा, म्हटलं की तो प्रश्न येत नव्हता.

*

गाऱ्हाणं म्हणजे आपलं दुखणं देवाला दुसऱ्याने सांगायचं. आपण नारळ ठेवायचा, हात जोडून उभं राहायचं. बोलायचं गावच्या मानकऱ्याने. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्या माणसांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. शेवटी ज्याचा नारळ त्याने स्वतः 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय या गावात नारळ फोडत नाहीत.

आदल्या दिवशी मानकऱ्याला जाऊन सांगायचं असतं, काय मागायचं ते. लवूसाठी सत्यवान जाऊन सांगून आला.

*

रविवारी सकाळी रवळनाथाच्या देवळात पंधरा-सोळा माणसं होती. मानकरी दाजी खांबाला टेकून बसलेला. सत्तरीचा, एका डोळ्यात फूल पडलेलं, आवाज मात्र खळ्यातून खाडीपल्याड ऐकू जाईल असा.

आधीचं गाऱ्हाणं हरवलेल्या म्हशीचं होतं. ते झालं. दाजी पाणी प्यायला.

"आता खयचा? माणसाचा काय आजून जनावराचा?"

"माणसाचा," सत्यवान म्हणाला.

"बरा. म्हशीपेक्षा माणूस लवकर गावता," म्हैसवाला म्हणाला. लोक हसले.

लवूने नारळ ठेवला. जानकीने त्याच्या कपाळाची सूज लपावी म्हणून त्याला टोपी घातली होती. टोपीची शिवण टोचत होती. त्याने ती काढून हातात घेतली.

दाजी उभा राहिला.

"हे बा रवळनाथा, ह्या गावच्या रखवालदारा, म्हाराजा—"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुझ्या लेकरान, गंगारामाच्या झिलान, तुझ्या पायाकडे नारळ ठेवलो आसा, म्हाराजा—"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या घरामागची चिंच तोडली, थंयसरचो चाळो उठलो, तो ह्या लेकराक लागलो आसा, म्हाराजा—"

"व्हय म्हा—"

"नाय," लवू म्हणाला.

*

पाच दिवसांत त्याने उच्चारलेला तो पहिला शब्द होता.

*

घंटेखाली उभी असलेली बाई मागे सरली. म्हैसवाल्याने टोपीने तोंड झाकलं. सत्यवानने लवूचा दंड धरला, आणि दंड धरला की लवूचं सगळं अंग लाकडासारखं व्हायचं, तसं ते झालं.

"गप रव लवू. देवळात आसस तू."

"तेका गप कित्याक करतंस?" दाजी म्हणाला. "नारळ तेचो आसा."

"दाजी, तेका कळणा नाय..."

"मास्तर, मी सत्तावीस वर्सा गाऱ्हाणी घालतंय. मधीच 'नाय' म्हणणारो हो पयलोच. लोक देवासमोर कायपण खपवतत. हेका खोटा खपणा नाय, म्हणजे हेका कळता. हात सोड तेचो."

सत्यवानने हात सोडला.

दाजी लवूकडे वळला. लवू गाभाऱ्याच्या उंबऱ्याकडे बघत होता.

"मगे काय सांगू देवाक?"

लवूचं तोंड उघडलं.

दाजी थांबला. कुणीतरी खोकलं. म्हैसवाला विडी ओढायला बाहेर गेला, ओढून परत आला. दाजी तसाच उभा. बायकांत कुजबुज झाली, तेव्हा त्याने नुसता हात वर केला.

लवूने खिशातून कागद काढला.

*

दाजीने कागद डोळ्याजवळ नेला, लांब नेला. "माका ह्या दिसणा नाय. मास्तर, तू वाच. तू वाच, मी देवाक सांगतंय."

सत्यवानने कागद घेतला. पहिल्या ओळीवर त्याचा शाळेतला आवाज लागला.

"एक. झोप लागत नाही. दिवसाला एक तास. वीज गेली की लागते. वीज आतापर्यंत पाच वेळा गेली."

"हेका झोप नाय, म्हाराजा," दाजीने गाभाऱ्याकडे तोंड करून सांगितलं. "वीज गेली तरच डोळो लागता—"

"व्हय म्हाराजा!" लोक म्हणाले. सवयीने.

"दोन. पेज घेता येते. चावण्याचा आवाज सहन होत नाही."

"सोताच्या दाताचो आवाज सोसणा नाय, म्हाराजा—"

"व्हय म्हाराजा!"

"तीन. बोलायचे असते ते घशापर्यंत येते आणि थांबते. लोक थांबत नाहीत."

दाजीने हे लगेच सांगितलं नाही. मग म्हणाला, "हो बोलूक जाता, म्हाराजा. आमी रवणव नाय."

"व्हय म्हाराजा." या वेळी जरा हळू.

"चार." सत्यवानने पुढची ओळ आधी मनात वाचली. "शिमग्यानंतरच्या गुरुवारपासून. घरामागे बर्फाचे दुसरे मशीन सुरू झाले तेव्हापासून. चाळा नाही."

शेवटचे दोन शब्द दुसऱ्या शाईत होते, काल संध्याकाळचे, सत्यवान दाजीकडे जाऊन आल्यावरचे. दाजीने तेही सांगितलं. माणसांनी सत्यवानकडे बघत 'व्हय' म्हटलं.

"पाच. डोके आपटतो तेव्हा फक्त तेवढाच आवाज ऐकू येतो."

"व्हय म्हाराजा."

सत्यवानने कागदाची घडी केली. "झाला," तो म्हणाला.

"एक ओळ रवली," लवू म्हणाला.

*

सत्यवानने घडीची आणखी एक घडी केली. तो दाजीला म्हणाला, "ती घरची गोष्ट आसा."

"नारळ खंय आसा? घराक काय हय?"

"दाजी, पाया पडतंय तुमच्या."

"माझ्या कित्याक पडतंस? वाच."

मास्तरने घडी उघडली. आता शाळेतला आवाज नव्हता.

"सहा. हो. रोज दुपारी तीन वाजता विहिरीवर बसतो. मरायचे नाही, आवाज बंद व्हायला हवा. दुसरा मार्ग मला सापडलेला नाही. कोणास माहीत असल्यास कृपया कळवावे."

खाली सही होती. तारीख होती.

दाजीने तोंड गाभाऱ्याकडे केलं, मग परत माणसांकडे वळवलं. कुणीकडे बघून सांगायचं ते त्याला कळेना. शेवटी तो मधोमध बघून बोलला, आणि आवाज खाडीपल्याड जाणारा नव्हता.

"हो बावीच्या कठड्यार बसता, म्हाराजा. हेका मरूचा नाय. आवाज बंद झालेलो व्हयो. दुसरो मार्ग कोणाक म्हायत आसात तर सांगा म्हणता."



एवढी वाक्यं झाली होती, प्रत्येकाला तोंडं आपोआप उघडली होती. या वाक्याला 'व्हय' म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं, हे कुणाला ठरवता येईना. पाल चुकचुकली.

"व्हय म्हाराजा," जानकी म्हणाली. एकटीच. तिची दोन बोटं अजून चिंधीत बांधलेली होती. मग म्हैसवाला म्हणाला. मग बाकीचे.

"आता तू," दाजी लवूला म्हणाला.

लवूने सगळं मनात एकदा तपासलं. सहा ओळी. सहाही आल्या होत्या.

"व्हय," तो म्हणाला. "बरोबर."

नारळ फोडला.

*

नंतर ओट्यावर मार्ग निघाले.

लगीन करून द्या. कोल्हापूरला न्या. गोव्यात एक पाद्री आहे, तो डोक्यावर हात ठेवतो. विहिरीवर फळ्या मारा. वेड्यांच्या इस्पितळात टाका. नको, तिथे टाकलेला परत येत नाही. मशीन बंद करा. ते कसं बंद करणार, होड्या सडवायच्या काय? कारखान्याचा करार पाच वर्षांचा होता.

लवू प्रत्येक सूचना ऐकत होता, एक एक बाजूला ठेवत होता. कुठलीच त्याच्या डब्यात बसत नव्हती.

"माझो मांगर रिकामो आसा," दाजी शेवटी म्हणाला. मांगर म्हणजे बागेतली गवताने शाकारलेली झोपडी. "डोंगराच्या पलीकडे. थंय वीज नाय."

देवळाच्या पायऱ्यांवर सत्यवानने लवूला गाठलं.

"ह्यां माका कित्याक दाखवूक नाय?"

"तू डॉक्टर नाय, दादा."

"मी भाव आसंय तुझो."

लवूला यात प्रश्न दिसला नाही.

"जागा मी दिलंय," सत्यवान म्हणाला. त्याला बहुधा वाटत होतं की लवू म्हणेल, जाऊ दे.

"व्हय," लवू म्हणाला.

*

मांगरात तो पहिल्या दिवशी दुपारी बारा वाजता झोपला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, जानकी पेज घेऊन आली तेव्हा उठला. तिने त्याच्या तोंडावर बसलेल्या माश्या हाकलल्या होत्या, तरी त्याला जाग आली नव्हती. क्षणभर तिला वाटलं, गेला.

नंतर तो दाजीच्या बागेतल्या काजूबिया गोळा करू लागला. कुणी सांगितलं नव्हतं. बिया लहानमोठ्या अशा चार ढिगांत लावून ठेवायचा. दाजी यायचा, ढिगांकडे बघायचा, सगळे एकाच पोत्यात भरायचा. लवू दुसऱ्या दिवशी परत चार ढीग लावायचा. दोघांचं यावर कधी बोलणं झालं नाही.

बोलणं थोडं परतलं. 'पेज बरी आसा' इतपत.

दवाखान्यातला सोमवार राहून गेला. जानकी म्हणाली, आता कशाला.

*

मे महिन्यात दाजीचे दोघे मुलगे सुट्टीवर आले.

"बाबा, येडो माणूस मांगरात ठेवलास? उद्या तेणा काय केल्यान तर पोलीस आमच्या दारात येतले."

"तो काय करणा नाय थंय."

"थंय नाय, पण घराक बावीर बसता ना? देवळात सगळ्यांसमोर सांगल्यान. गावभर झाला."

खरं होतं. गावभर झालं होतं. वेंगुर्ल्यातही झालं होतं, आणि काजूच्या टेबलावर आता दुसरा माणूस बसत होता. मालकाने निरोप धाडला, की विहिरीवाला माणूस नको, बायका घाबरतात.

मृग लागण्याआधी दाजीला मांगर गुरांसाठी हवाच होता. तो स्वतः लवूला घरी पोचवायला आला. दारात म्हणाला, "मास्तर, पावसात होडये बंद, म्हणजे मशीन बंद. तवसर काय भिया नाय." आणि उंबऱ्याच्या आत न येता गेला.

*

पावसाळाभर मशीन बंद होतं. लवू झोपत होता. जेवत होता. नारळी पौर्णिमा १९ ऑगस्टला होती. त्या दिवशी समुद्र उघडतो, होड्या जातात. कॅलेंडरवर तो रोज सकाळी एका तारखेवर काट मारायचा आणि उरलेल्या तारखा मनात म्हणायचा. सत्यवानने कारखान्याच्या मालकाला दोन पत्रं लिहिली. उत्तर एकाचं आलं. करार दाखवला होता.

२० ऑगस्टला मशीन सुरू झालं.

टक्.

दुपारी तीनला जानकी विहिरीवर गेली. लवू बसलेला होता, पाय आत. ती त्याच्या शेजारी कठड्यावर बसली. तिनेही पाय आत सोडले. पाणी वरपर्यंत आलेलं. चार वाजता ती उठली तेव्हा तोही उठला.

दुसऱ्या दिवशी ती पावणेतीनलाच जाऊन बसली.

*

याच्या तीन वर्षं आधी, १९८३ साली, जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वेंगुर्ल्यातल्या एका औषधांच्या दुकानाच्या माडीवर कोल्हापूरचे एक मनाचे डॉक्टर बसत असत. माणसं येत नाहीत म्हणून त्यांनी येणं बंद केलं.